कंटेम्पररी ब्लूज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताबद्दल काहीही लिहिलं की पुढचे आठ दिवस तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत, भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कंटेम्पररी ब्लूज म्हणजे काय? आज वाजवला जाणारा कुठलाही ब्लूज?

नाही. आज पंचविशीतल्या एखाद्या पोरानं अकूस्टिक गिटार घेऊन १९३० सालची मिसिसिपी डेल्टातली गाणी जशीच्या तशी म्हटली, तर त्याला पारंपरिक ब्लूजच म्हणतात. कंटेम्पररी हे नाव घडणीवरून पडलं आहे, तारखेवरून नाही. पाया ब्लूजचा: ओढलेले सूर, ठरलेलं आवर्तन, गायक आणि गिटार यांचा सवालजवाब. त्यावर सोल, फंक, गॉस्पेल (चर्चमधलं भक्तिसंगीत), रॉक आणि अलीकडे हिप-हॉपचे थर. ध्वनिमुद्रण स्वच्छ, बास आणि ड्रम पुढे आणलेले, बऱ्याचदा ऑर्गन किंवा ब्रासची (पितळी फुंकवाद्यांची) साथ, आणि विषय आजच्या घरातले, आजच्या रस्त्यावरचे.

रॉबर्ट क्रे, केब मो, शेमिकिया कोपलंड, गॅरी क्लार्क ज्युनियर, क्रिस्टोन ‘किंगफिश’ इनग्राम ही पाच नावं लक्षात ठेवा. पुढे ती परत परत येतील.

२. हे सुरू कधी झालं?

१९८० च्या दशकात. त्याआधीची दहा वर्षं ब्लूजला वाईट गेली होती. तरुण कृष्णवर्णीय श्रोते सोल, फंक आणि डिस्कोकडे गेले होते, आणि साठच्या दशकात ब्रिटिश बँडांमुळे ब्लूजकडे वळलेली गोऱ्या पोरांची लाटही ओसरली होती. या काळात ब्लूज जगवला तो छोट्या रेकॉर्ड कंपन्यांनी. शिकागोत ब्रूस इग्लॉर या तरुणानं वारशात मिळालेले २५०० डॉलर घालून १९७१ मध्ये हाउंड डॉग टेलरचा अल्बम काढला. त्यातून ‘ॲलिगेटर’ ही कंपनी उभी राहिली. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात ‘मलाको’ होती (तिच्याबद्दल प्रश्न ८ मध्ये). १९८० मध्ये मेम्फिसला ब्लूज फाउंडेशन स्थापन झालं.

मग दोन गोष्टी जवळजवळ पाठोपाठ घडल्या. १९८३ मध्ये टेक्ससचा गिटारवादक स्टीव्ही रे वॉन आला. त्याच वर्षी डेव्हिड बोवीच्या गाजलेल्या अल्बमवरही त्याचीच गिटार होती, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात ब्लूज ऐकला नव्हता त्यांच्याही कानावर तो पडला. १९८६ मध्ये रॉबर्ट क्रेचा ‘स्ट्राँग परस्युएडर’ आला. वॉननं गिटारची ताकद दाखवली. पण माझ्या मते या शैलीचा खरा आराखडा क्रेचा आहे: मेम्फिसच्या सोलमधला मऊ गळा, मोजकी गिटार, ब्रासचे नेमके फटके, आणि एखाद्या कथेसारखं गाणं. १९८८ मध्ये ग्रॅमीनं कंटेम्पररी ब्लूजसाठी वेगळं पारितोषिक सुरू केलं. पहिला मान याच अल्बमला मिळाला.

पुढे जुनी माणसंही या वाटेनं परतली. जॉन ली हुकरचा १९८९ मधला अल्बम सांताना आणि बॉनी रेट यांच्या साथीनं आला. बडी गाय कित्येक वर्षं अमेरिकेत मोठ्या कंपनीच्या कराराविना होता. १९९१ मध्ये तो पुन्हा शिखरावर पोचला. स्टीव्ही रे वॉनला हे बघता आलं नाही. २७ ऑगस्ट १९९० रोजी विस्कॉन्सिनमधल्या मैफलीनंतर हेलिकॉप्टर अपघातात तो गेला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी.

३. ‘बारा बार’ म्हणजे काय? ते ओळखायचे कसे?

एक बार चार मात्रांचा धरा. असे बारा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. पहिले चार बार मूळ कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर; ही आपल्या भाषेत सा वरची), पुढचे दोन म वर, दोन परत सा वर, मग एक प वर, एक म वर, आणि शेवटचे दोन सा वर. या शेवटच्या दोनांत ‘टर्नअराउंड’ नावाची एक जागा येते, ती तुम्हाला पुन्हा समेवर आणून सोडते.

कडवं तीन ओळींचं असतं. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी ओळ त्यांना उत्तर देणारी. प्रत्येक ओळ साधारण दोन बारांत संपते, उरलेले दोन गिटारचे. गायक थांबतो तिथे गिटार बोलते. बी. बी. किंग गाताना गिटार वाजवायचा नाही आणि वाजवताना गायचा नाही. त्याची मैफल पाहिलीत तर हा सवालजवाब डोळ्यांनाही दिसतो.

बोटांवर मोजत ऐका. दोनचार गाण्यांत पाचव्या बारातला तो म वरचा बदल आपोआप जाणवायला लागेल, आणि एकदा तो जाणवला की पुढे मोजावं लागत नाही. मात्र सगळीच गाणी या हिशेबात बसत नाहीत. त्यासाठी प्रश्न ११.

४. ब्लूज कायम रडका असतो का?

बिलकूल नाही. निम्म्याहून अधिक ब्लूज हा नाचण्यासाठी वाजवला गेला आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गाण्यांत चावट विनोद आहे. बॉबी रश हा गडी ऐंशी ओलांडल्यावर पहिलं ग्रॅमी घेऊन गेला. त्याच्या मैफलीत लोक पोट धरून हसतात. तमाशाच्या बतावणीची सवय असलेल्या माणसाला त्याचा वात्रटपणा अजिबात परका वाटणार नाही.

५. पारंपरिक आणि कंटेम्पररी यांच्यातली रेघ कोण मारतं?

पारितोषिकवाले, रेकॉर्ड कंपन्या आणि रेडिओ. कलाकार स्वतः फारसे त्या भानगडीत पडत नाहीत.

ही रेघ किती हलते याचं उत्तम उदाहरण बडी गाय. १९९१ च्या अल्बमला त्याला कंटेम्पररी गटातलं ग्रॅमी मिळालं. २००३ मध्ये त्यानं शांत, अकूस्टिक अल्बम केला, त्याला पारंपरिक गटातलं. २०१२ ते २०१६ या काळात ग्रॅमीनं दोन्ही गट एकत्र करून ‘सर्वोत्कृष्ट ब्लूज अल्बम’ असं एकच पारितोषिक ठेवलं होतं. त्यातही २०१६ मध्ये तो जिंकला. २०१७ पासून गट पुन्हा वेगळे झाले, आणि २०१९ मध्ये त्याला पुन्हा पारंपरिक गटात मान मिळाला, तोही इलेक्ट्रिक गिटार ठासून भरलेल्या अल्बमसाठी! माणूस तोच आणि गळाही तोच, लेबलं मात्र तीन.

तरी रेघ अगदीच निरर्थक नाही. २०२२ मध्ये उत्तर मिसिसिपीचे दोन गडी एकाच रात्री जिंकले. सेड्रिक बर्नसाइड पारंपरिक गटात, किंगफिश इनग्राम कंटेम्पररी गटात. दोघांचे अल्बम पाठोपाठ ऐका. सेड्रिककडे गिटार आणि ड्रम जवळजवळ उघडे आहेत, आजोबा आर. एल. बर्नसाइड (प्रश्न ११) यांची चाल त्यानं तशीच ठेवली आहे. किंगफिशकडे पूर्ण बँड, लांब सोलो, सोलची वळणं. फरक कानालाच कळतो, व्याख्या पाठ करावी लागत नाही.

६. आर अँड बी आणि ब्लूज एकच का?

नाही. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकानं कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या यादीला ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव दिलं. त्यात तेव्हा ब्लूजही होता. आज आर अँड बी म्हणून जे वाजतं त्याचा ब्लूजशी रक्ताचा संबंध आहे, पण घर वेगळं झालं त्याला कित्येक वर्षं लोटली.

७. ब्लूज-रॉक आणि कंटेम्पररी ब्लूज यांत फरक काय? जो बोनामासा कुठे बसतो?

मी एक साधी कसोटी लावतो: गाण्यातून गिटारचा सोलो काढून टाकला तर काय उरतं? ब्लूजमध्ये गाणं उरतं. ब्लूज-रॉकमध्ये अनेकदा सोलोची वाट पाहणारा एक रिफ (परत परत येणारा छोटा सुरांचा तुकडा) उरतो. दुसरी खूण ड्रमची. ब्लूजचा ठेका झुलतो, एका मात्रेचे तीन भाग करून मधला गाळल्यासारखा (याला शफल म्हणतात). रॉकचा ठेका सरळ पडतो.

बोनामासाला कंटेम्पररी गटात ग्रॅमीची नामांकनं मिळाली आहेत, त्यामुळे कागदावर तो इथलाच. वयाच्या बाराव्या वर्षी तो बी. बी. किंगच्या मैफलीआधी वाजवत होता, तेव्हा तालमीबद्दल प्रश्नच नाही. पण माझ्या कानाला तो ब्रिटिश ब्लूज-रॉकचा वारसदार वाटतो. त्याचे चाहते या वाक्यावर चिडणार हे गृहीत धरलं आहे.

८. ‘सोल ब्लूज’ हा प्रकार कुठे ऐकायला मिळतो? कोणी त्याबद्दल लिहीत का नाही?

लिहीत नाहीत, कारण गिटार मासिकांना त्यात रस नाही. इथे गिटार मागे असते आणि गळा पुढे. घर मिसिसिपीतल्या जॅक्सनची मलाको कंपनी. १९८२ मध्ये झी. झी. हिलचा ‘डाउन होम’ तिथून आला आणि जवळपास दोन वर्षं कृष्णवर्णीय संगीताच्या अल्बम-यादीत टिकून राहिला. त्यानंतर बॉबी ब्लँड, लिटल मिल्टन, डेनिस लासाल अशी दिग्गज मंडळी मलाकोकडे आली.

दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतले छोटे क्लब, तिथला रेडिओ, लग्नकार्यं, मागच्या अंगणातल्या मेजवान्या: हे संगीत तिथे वाजत राहिलं. विषय बहुधा संसार, फसवाफसवी आणि शेजारपाजार. ‘ब्लूज मेला’ असं जेव्हा जेव्हा छापून आलं, तेव्हा या लोकांनी ते वाचलं नसावं.

९. आजच्या ब्लूज गाण्यांत विषय काय असतात? अजूनही रेल्वे, दारू आणि सोडून गेलेली बाई?

तेही आहेच. पण क्रेनं १९८६ मध्ये मोठा बदल केला. त्याच्या एका गाण्यात नायक भिंतीपलीकडच्या नवराबायकोचं भांडण ऐकतोय, आणि ते भांडण आपल्यामुळे चाललंय हे त्याला ठाऊक आहे. जुन्या ब्लूजमध्ये गाणारा बहुतेक वेळा फसवला गेलेला असायचा. इथे फसवणाराच गातोय, आणि त्याला स्वतःची लाज वाटावी तेवढी वाटतही नाही.

शेमिकिया कोपलंड दुसऱ्या टोकाला जाते. ती टेक्ससच्या जॉनी कोपलंडची मुलगी. २०२० च्या अल्बममध्ये तिनं ‘क्लोटिल्डा’ या गुलामांच्या शेवटच्या जहाजावर गाणं केलं. अमेरिकेत गुलाम आणण्यावर कायद्यानं बंदी आल्यानंतरही १८६० मध्ये हे जहाज माणसं भरून अलाबामात आलं आणि पुरावा नको म्हणून जाळून बुडवलं गेलं. बंदुकांच्या हिंसेवरही ती गाते. गॅरी क्लार्क ज्युनियरनं २०१९ मध्ये स्वतःच्या टेक्ससमधल्या जमिनीबद्दल गाणं केलं. इतकी जमीन एका काळ्या माणसाची कशी, हा शेजाऱ्याचा संशय त्या गाण्याच्या मुळाशी आहे. ज्या अल्बमचं ते शीर्षकगीत, त्याला २०२० चं कंटेम्पररी ब्लूजचं ग्रॅमी मिळालं, आणि खुद्द त्या गाण्याला रॉक गटातली. रेघांचं म्हणाल तर प्रश्न ५ पुन्हा वाचा.

इंग्रजी गाण्यांचे शब्द समजत नाहीत म्हणून अनेक जण फक्त गिटार ऐकतात. तसं करू नका. शब्द समोर उघडून एकदा तरी ऐका, निम्मा ब्लूज तिथे आहे.

१०. सुरुवात कुठल्या अल्बमनं करू?

क्रेचा ‘स्ट्राँग परस्युएडर’. त्यात न समजण्यासारखं काही नाही. मग केब मोचा १९९४ चा पहिला अल्बम, रविवारी सकाळी लावण्यासारखा. बडी गायचा १९९१ चा अल्बम तिसरा, कारण तोवर कान तयार झालेले असतील आणि त्याची किंचाळणारी गिटार दचकवणार नाही. त्यानंतर शेमिकिया, आणि मग किंगफिशचा ‘६६२’. (६६२ हा उत्तर मिसिसिपीचा दूरध्वनी विभाग क्रमांक. पोरगा क्लार्क्सडेलचा, जन्म १९९९ चा.) स्टीव्ही रे वॉन मुद्दाम मागे ठेवला आहे. त्याच्यापासून सुरुवात केली की पुढची दोन वर्षं माणूस फक्त सोलो मोजत बसतो.

११. आर. एल. बर्नसाइड ऐकला. बारा बार मोजले, जमेनात. कॉर्ड बदलतच नाही. हा ब्लूज कसा?

मोजणं चुकलेलं नाही. हा उत्तर मिसिसिपीतल्या टेकड्यांचा ब्लूज, ‘हिल कंट्री’. होली स्प्रिंग्जच्या आसपासचा हा भाग डेल्टाच्या सपाट कापूसपट्ट्याहून वेगळा. इथे मोठे मळे कमी, छोटी शेती जास्त, आणि बासरी-ढोलांची एक जुनी परंपरा. ओथा टर्नर हे तिचं मोठं नाव. त्या ढोलाचा ठेका गिटारीत उतरला आहे. एकच कॉर्ड किंवा एकच रिफ पाच-सात मिनिटं घोटत राहायचा, आणि बदल करायचा तो आघातात, आवाजाच्या चढउतारात. ज्युनियर किंब्रोचा अंगठा खर्जाची तार सतत धरून ठेवतो आणि वर गाणं तरंगत राहतं. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हा प्रकार बारा बारांपेक्षा लवकर पचतो, असा माझा अनुभव आहे.

मिसिसिपीतल्याच ऑक्सफर्ड गावच्या ‘फॅट पॉसम’ कंपनीनं नव्वदच्या दशकात बर्नसाइड आणि किंब्रो जगापुढे आणले. दोघेही तेव्हा साठीच्या घरात होते. १९९६ मध्ये बर्नसाइडनं जॉन स्पेन्सरच्या बेफाम रॉक बँडबरोबर अल्बम केला, १९९८ मध्ये त्याच्या आवाजावर लूप (सतत फिरत राहणारे ध्वनीचे तुकडे) आणि रिमिक्स चढवले गेले. म्हणजे घडण अतिजुनी, मांडणी अतिनवी. हे पारंपरिक की कंटेम्पररी, यावर भांडायला भरपूर वाव आहे. ब्लॅक कीज या लोकप्रिय जोडीचा पायाही इथेच. २०२१ मध्ये त्यांनी अख्खा अल्बम याच गाण्यांचा केला.

बारांच्या बाबतीत आणखी एक: आठ आणि सोळा बारांचे ब्लूजही सर्रास आहेत, आणि जॉन ली हुकर तर मनाला येईल तेव्हा कॉर्ड बदलायचा. साथीदारांची दैना व्हायची.

१२. ब्लूजचं स्केल म्हणजे आपला धानी राग, हे खरं का?

सुरांपुरतं बोलायचं तर बरंचसं. गिटारवाले ज्याला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात त्यात सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हेच धानीचे सूर. त्यात तीव्र मध्यम मिळवला की ‘ब्लूज स्केल’. काही जण जोगचं नाव घेतात, कारण जोगमध्ये दोन्ही गांधार येतात, आणि ब्लूजचा सगळा जीव गांधारातच आहे.

पण साम्य इथे संपतं. ब्लूजचा गांधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही. गायक कोमलावरून वर ओढतो आणि शुद्धाच्या अलीकडे थांबतो. त्याच वेळी खाली वाजणाऱ्या कॉर्डमध्ये शुद्ध गांधार असतो. दोन गांधारांची ही टक्कर मुद्दाम घडवलेली आहे, ती काढून टाकली तर गाणं बेचव होतं. रागात खाली कॉर्ड नसते, त्यामुळे ही टक्करही नसते. शिवाय ब्लूजमध्ये सा, म, प या तिन्हींवरच्या कॉर्डमध्ये त्या त्या सुरापासूनचा कोमल सातवा सूर मिसळलेला असतो (सेव्हन्थ कॉर्ड). पाश्चात्त्य शास्त्रीय नियमांत अशी कॉर्ड अस्वस्थ मानतात, ती सुटली पाहिजे असं म्हणतात. ब्लूज त्याच अस्वस्थ कॉर्डवर घर करून राहतो.

शास्त्रीय शिकलेल्यांना एक फायदा नक्की आहे. मींड हाताला आणि गळ्याला ठाऊक असते, त्यामुळे गिटारवरचा बेंड (तार ओढून चढवलेला सूर) सुरात लागतो. फक्त तो आलापासारखा लांबवायचा मोह आवरा.

१३. भारतीय संगीताशी ब्लूजवाल्यांचा खरंच काही संबंध आला आहे का, की नुसतं फ्यूजन?

आला आहे, आणि बहुतेक वेळा स्लाइडच्या वाटेनं. तारेवरून काच किंवा धातू सरकवत वाजवणं दोन्हीकडे आहे. १९९३ मध्ये अमेरिकन स्लाइड गिटारवादक राय कूडर आणि विश्वमोहन भट्ट यांचा अल्बम आला, त्याला ग्रॅमीही मिळालं. १९९५ मध्ये ताजमहाल या गायकानं (हे त्यानं स्वतः घेतलेलं नाव) भट्टांची मोहनवीणा आणि एन. रविकिरण यांची चित्रवीणा घेऊन ब्लूज गायला. मला दुसरा जास्त आवडतो, कारण त्यात कुणी कुणाच्या घरी पाहुणा वाटत नाही.

डेरेक ट्रक्स कॅलिफोर्नियात अली अकबर खाँसाहेबांच्या संगीत महाविद्यालयात शिकला आहे. त्याच्या स्लाइडमध्ये सरोदीची घसीट शोधा, सापडेल. टेडेस्की ट्रक्स बँडमध्ये तो बायको सुझन टेडेस्कीबरोबर वाजवतो.

१४. हिप-हॉप मिसळलं की तो ब्लूज राहतो का?

क्रिस थॉमस किंगनं १९९० च्या दशकात हे केलं तेव्हा ब्लूजवाल्यांनी नाकं मुरडली. आज ओकलंडचा फँटॅस्टिक नेग्रिटो लूप, जुन्या श्रमगीतांसारखे हुंकार आणि गॉस्पेल एकत्र करतो, आणि २०१७, २०१९, २०२१ अशी तीन वेळा कंटेम्पररी ब्लूजची ग्रॅमी घेऊन बसला आहे. त्याच्या गाण्यांत बारा बार क्वचितच सापडतात. गळा मात्र शंभर टक्के ब्लूजचा. माझं मत त्याच्या बाजूनं.

१५. हे कृष्णवर्णीयांचं संगीत. मग महोत्सवांत गोरे गिटारवादक आणि गोरे श्रोते इतके का दिसतात?

कारण साठच्या दशकापासून तिकिटांचा बाजार तिकडे सरकला. कृष्णवर्णीय तरुणांना ब्लूज आजोबांचा, गरिबीची आठवण करून देणारा वाटू लागला. गोऱ्या विद्यार्थ्यांना तो अस्सल वाटू लागला. ब्रिटिश बँडांनी ही गाणी मोठ्या मैदानांवर नेली आणि पैसाही तिकडे गेला. मलाकोची बाजू (प्रश्न ८) या चित्रात येतच नाही, त्यामुळे ते आणखी एकांगी दिसतं.

गोऱ्यांनी वाजवू नये असं बी. बी. किंग किंवा बडी गाय यांनी कधी धरलं नाही. उलट वॉनसारख्यांना त्यांनी जवळ केलं. पण श्रेय कुणाचं आणि कमाई कुणाची हा प्रश्न राहतोच, आणि तो रास्त आहे (प्रश्न १८). किंगफिश क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज म्युझियममधल्या वर्गात शिकून पुढे आला, म्हणून त्याच्या यशाचं तिथल्या लोकांना विशेष अप्रूप आहे.

१६. ‘सिनर्स’ चित्रपटातला ब्लूज कंटेम्पररी का?

गोष्ट १९३२ च्या क्लार्क्सडेलची, त्यामुळे मुख्य संगीत डेल्टाचं. शेवटी १९९२ च्या शिकागोत गोष्टीतला तरुण ब्लूज गायक म्हातारा झालेला दिसतो, तो साक्षात बडी गाय. त्या शेवटच्या प्रसंगासाठी तरी श्रेयनामावली सुरू झाल्यावर उठू नका.

१७. आपल्याकडच्या ओव्या, लावण्या म्हणजे मराठी ब्लूजच ना?

‘आपल्याकडे हे होतंच’ म्हणण्याची घाई नको. लावणीशी तुलना मला पटत नाही. जात्यावरची ओवी थोडी जवळची: ‘मी’ म्हणून बोलणारी, सासर-माहेर आणि कष्ट यांबद्दलची, ठरलेल्या साच्यात नवे शब्द भरणारी. पण ओवी पहाटे बायकांनी आपसांत म्हटलेली, तिला तिकीट नव्हतं. ब्लूज फार लवकर पोटापाण्याचा धंदा झाला. १९२० मध्ये मेमी स्मिथची रेकॉर्ड प्रचंड खपली तेव्हापासून तो बाजारात आहे.

अन्यायाच्या अंगानं पाहायचं तर आंबेडकरी जलसे आणि वामनदादा कर्डकांची गाणी आठवतात. तिथे फरक असा की जलसा ‘आपण’ म्हणून बोलतो, समोरच्याला उठवतो. ब्लूज बहुतेक वेळा एकटा ‘मी’ राहतो आणि राजकारण घरगुती दुःखाच्या आड ठेवतो; मालक ऐकत असताना गायचं असेल तर दुसरं काय करणार? दलित पँथरनं १९७२ मध्ये मुंबईत ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, हा अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आलेला थेट संबंध. संगीतात तसा थेट धागा मला दिसत नाही.

१८. जुनं गाणं नव्यानं गायलं तर ती चोरी का?

कुणाचं गाणं आहे त्यावर. ब्लूजच्या कित्येक ओळी कुणाच्याच नाहीत. त्या शंभर वर्षं गाण्यागाण्यांतून फिरत आल्या आहेत आणि सगळ्यांनी वापरल्या आहेत. पण लेखकाचं नाव ठाऊक असताना ते गाळणं वेगळं. विली डिक्सन शिकागोच्या चेस कंपनीत बास वाजवायचा आणि गाणी लिहायचा. लेड झेपलिनच्या एका प्रचंड गाजलेल्या गाण्यात आपले शब्द आहेत म्हणून त्यानं १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि नंतर श्रेयात त्याचं नाव आलं. जुन्या कलाकारांना त्यांच्या गाण्यांचे पैसे मिळावेत म्हणून त्यानं ब्लूज हेवन फाउंडेशन काढलं.

आपल्याकडच्या कव्हर करणाऱ्या बँडांना एवढंच: व्हिडिओखाली मूळ लेखकाचं नाव घाला. नुसतं ‘ब्लूज स्टँडर्ड’ लिहून भागत नाही.

१९. मुंबई-पुण्यात प्रत्यक्ष कुठे ऐकता येईल?

मोठं ठिकाण म्हणजे महिंद्रा ब्लूज महोत्सव. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत तो फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाला. पहिल्याच वर्षी बडी गाय आला आणि नंतरही परत आला. भारतीय नावांत शिलाँगचा सोलमेट सगळ्यात आधी: रुडी वालाँग यांची गिटार आणि टिप्रिटी खारबांगर यांचा गळा. २००७ मध्ये ते मेम्फिसच्या आंतरराष्ट्रीय ब्लूज स्पर्धेत उतरले होते. मुंबईचा वॉरन मेंडोन्सा ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावानं वाजवतो. नावात ब्लूज असला तरी त्याचं वादन सुरेल वाद्यरॉककडे झुकतं. एहसान नूरानी चित्रपटांतून माहीत आहेतच, पण त्यांना क्लबमध्ये ब्लूज वाजवताना ऐका, तो माणूस वेगळाच आहे.

२०. आम्ही शिकागोजवळ राहतो. पोरांना घेऊन जाता येईल असं काही?

शिकागो ब्लूज फेस्टिव्हल. जूनमध्ये मिलेनियम पार्कमध्ये भरतो, प्रवेश फुकट, सतरंजी घेऊन जा. क्लबांत बऱ्याच ठिकाणी २१ वर्षांखालच्यांना रात्री सोडत नाहीत, आधी फोन करून विचारा. बडी गायचा ‘लेजेंड्स’ क्लब वाबाश रस्त्यावर आहे. दिवसा २१२० साउथ मिशिगन ॲव्हेन्यू इथली जुनी चेस कंपनीची इमारत बघा. डिक्सनचं फाउंडेशन (प्रश्न १८) तिथेच आहे.

क्लार्क्सडेलला जायचं असेल तर मेम्फिसहून गाडीनं साधारण दीड तास. आठवड्याच्या मधल्या वारी गेलात तर गाव सुनं वाटेल, शुक्रवार-शनिवार धरा.

२१. गिटार शिकतोय. वॉनसारखा आवाज येण्यासाठी जाड तारा लावू का?

नको. तो ०.०१३ इंचाच्या जाड तारा लावायचा, हे खरं. पण गिटार अर्धा सूर खाली लावायचा, आणि त्याचा पंजाही दांडगा होता. बी. बी. किंग ०.०१० वर वाजवायचा आणि त्याचा एक सूर ऐकला की खोली ओळखते. तुम्हीही ०.०१० लावा, ॲम्पचं डिस्टॉर्शन निम्मं करा आणि सहा महिने फक्त गायकाच्या ओळीला उत्तर देण्याचा सराव करा, दोन बारांत, मोजून. बेंड ट्यूनर लावून तपासा. नव्वद टक्के शिकाऊंचा बेंड अर्ध्यातच थांबतो, आणि त्यांना वाटतं दोष तारांचा आहे.